सोलापुरातून न्यूरोलॉजीकडे : आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी करावयाची तयारी

सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. अकरावीचे वर्ग सुरू झाले की ‘मला न्यूरो करायचे आहे’ असे सांगणारे दोन-तीन विद्यार्थी दर वर्षी भेटतात आणि त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न कोणती शिकवणी लावावी हा असतो. तो प्रश्न चुकीचा नाही, कारण वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा खरोखरच कठीण आहे. परंतु प्रवेशपरीक्षेची तयारी आणि ज्या विषयात पुढे आयुष्य घालवायचे त्या विषयाची तयारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बारकाईने पाहणे, नेमके विचारणे आणि जे दिसले त्यावरून बिघाड नक्की कोठे असेल याचा तर्क करणे ही न्यूरोलॉजीची मूळ सवय आहे. ती आठवी-नववीपासून, एक रुपयाही खर्च न करता आणि सोलापुरात राहूनच लावता येते. पुढील मजकुरात प्रवेशाची माहिती आहेच. पण मी अधिक वेळ या सवयीवर घालवणार आहे.

आधी शाखा ओळखून घ्या

मेंदू, मेरुरज्जू, शरीरभर पसरलेल्या चेता आणि त्यांच्या हुकमाने चालणारे स्नायू यांच्या आजारांचे निदान करून औषधोपचार करणारा डॉक्टर म्हणजे न्यूरोलॉजिस्ट. मेंदूची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया करतो तो न्यूरोसर्जन. त्याचे प्रशिक्षण शल्यचिकित्सेच्या वाटेने जाते. नैराश्य, संशय, भास अशा मनाच्या आजारांकडे मानसोपचारतज्ज्ञ पाहतो. या तिघांच्या सीमारेषा काही ठिकाणी पुसट असल्या तरी दैनंदिन काम पुष्कळ वेगळे असते. न्यूरोलॉजिस्टच्या बाह्यरुग्ण विभागात प्रामुख्याने पक्षाघात, अपस्मार म्हणजे फिट येणे, अर्धशिशी, कंपवात, स्मृतिभ्रंश, मेंदूज्वर आणि हातापायांना मुंग्या येण्याचे किंवा बधिरपणाचे विकार असलेले रुग्ण येतात. ज्याला हातात सुरी धरायचीच आहे त्याने न्यूरोसर्जरीचा विचार करावा. ज्याला कोडे सोडवण्यात रस आहे त्याचे मन न्यूरोलॉजीत रमेल.

वाट लांब आहे आणि ती घरातल्या सर्वांना आरंभीच ठाऊक असावी. बारावीनंतर नीट-यूजी ही परीक्षा, मग साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि एक वर्षाची आंतरवासिता. त्यानंतर नीट-पीजीतून जनरल मेडिसिन किंवा बालरोग या विषयात तीन वर्षांचे एमडी. त्यानंतर नीट-एसएस या परीक्षेतून तीन वर्षांचे डीएम न्यूरोलॉजी किंवा त्याच्या तोडीचे डीआरएनबी. कोठेही वर्ष वाया गेले नाही तरी बारावीनंतर साडेअकरा वर्षे लागतात, म्हणजे अठराव्या वर्षी सुरुवात करणारा विद्यार्थी तिशीच्या उंबरठ्यावर तज्ज्ञ होतो. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केल्यास महाराष्ट्रात एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधपत्रही असते. ही आकडेवारी मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. यंत्रमागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या पालकांना आपला मुलगा किंवा मुलगी किती वर्षांनी स्थिर कमाई करू लागेल हे स्वच्छ सांगितले, तर मध्येच हिरमोड होत नाही. एमडीच्या काळात विद्यावेतन मिळते, हेही त्याच वेळी सांगावे.

रुग्णाचे शब्द ऐकायला शिका

माझ्या आजीचा उजवा हात एका दुपारी भाकरी थापता थापता लुळा पडला आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. घरातल्यांनी ‘वारं गेलं’ असे म्हणून तिला निजवले, हाताला तेल चोळले आणि संध्याकाळ होईपर्यंत वाट पाहिली. पुढे जीवशास्त्र शिकताना मला कळले की त्या दोन लक्षणांनीच बिघाडाची जागा सांगून टाकली होती. शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचाली मेंदूचा डावा अर्धा भाग चालवतो आणि बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रेही डावीकडेच असतात. म्हणून उजवा हात आणि वाचा एकाच वेळी गेली, तर डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असावा हा तर्क कोणत्याही यंत्राशिवाय करता येतो. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये वाचेच्या बाबतीत याचा पुरावा पुढे ठेवला होता. ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या त्याच्या रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली.

न्यूरोलॉजिस्टचे निम्मे निदान रुग्णाच्या बोलण्यातून होते, आणि रुग्ण पुस्तकातल्या शब्दांत बोलत नाही. ‘चक्कर येते’ हे साधे वाक्य घ्या. एखाद्याला त्यातून भोवतालचे सगळे गरगर फिरते असे सांगायचे असते, दुसऱ्याला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते असे, तर तिसऱ्याला चालताना तोल जातो असे. पहिली तक्रार बहुधा अंतर्कर्णाकडे बोट दाखवते, दुसरी रक्तदाबाकडे, तिसरी अनुमस्तिष्काकडे म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या मागच्या लहान भागाकडे किंवा पायांच्या चेतांकडे. याच रीतीने ‘हात जड पडला’ म्हणजे शक्ती गेली की संवेदना गेली, ‘मुंग्या येतात’ म्हणजे टोचल्यासारखे होते की काहीच कळत नाही, ‘विसरायला होतं’ म्हणजे नावे आठवत नाहीत की घरचा रस्ता सापडत नाही, हे विचारावे लागते. हे विचारण्याचा सराव आजपासून करता येतो. घरातील आजोबा किंवा शेजारच्या काकू अशी काही तक्रार सांगू लागल्या, की मध्ये न बोलता ऐका आणि मग तीन प्रश्न विचारा : हे कधी सुरू झाले, अचानक की हळूहळू, आणि नेमके काय होते ते दुसऱ्या शब्दांत सांगता येईल का. अचानक सुरू झालेल्या विकाराचे कारण पुष्कळदा रक्तवाहिनीत असते, वर्षानुवर्षे वाढणाऱ्या विकाराचे कारण अनेकदा झिजेत असते. काळाची रीत ही डॉक्टरच्या हातातील मोठी खूण आहे. उत्तरे वहीत लिहावीत, पण नाव कधीही लिहू नये आणि ऐकलेले वर्गात सांगत सुटू नये. सल्ला किंवा औषध तर मुळीच देऊ नये. ऐकून घेणे आणि गरज वाटल्यास डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरणे एवढेच विद्यार्थ्याचे काम आहे.

या बाबतीत सोलापूरचे मूल भाग्यवान आहे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि बाजारात उर्दू-दखनी कानावर पडते. चक्कर येणाऱ्या तेलुगू भाषकाला ‘कळ्ळु तिरुगुतुन्नायी’ म्हणजे डोळे फिरतात असे म्हणायचे असते, तर कन्नड भाषक ‘तले तिरुगुत्तदे’ म्हणजे डोके फिरते असे म्हणतो. जो डॉक्टर या शब्दांचा नाद ओळखतो त्याच्यापुढे रुग्ण मोकळा होतो. म्हणून घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असेल तर ती विसरू नका, आणि मराठी असेल तर वर्गमित्रांकडून दुसरी भाषा कामापुरती शिकून घ्या. शिवाय भाषा हा स्वतः न्यूरोलॉजीचा विषय आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथे तेव्हा काम करणाऱ्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 648 स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासून 2013 मध्ये असे मांडले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. असा निष्कर्ष वाचताना ‘भाषा शिकली की आजार टळतो’ अशी उडी न मारता, दोन गोष्टी सोबत आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत फरक असतो हे ध्यानात ठेवावे. संशोधन वाचण्याचा तो पहिला धडा आहे.

हाताने करून पाहावयाचे प्रयोग

नववीच्या विज्ञानात चेतापेशीची आकृती काढून तिला नावे दिली, की बहुतेक विद्यार्थ्यांचा चेतासंस्थेशी संबंध संपतो. तो पुढे न्यायचा तर आरंभ तीस सेंटिमीटरच्या पट्टीने करावा. मित्राने पट्टी उभी धरावी, तुम्ही शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवावी, आणि त्याने न सांगता सोडलेली पट्टी पकडावी. किती सेंटिमीटरवर पकडली यावरून लागलेला वेळ काढता येतो : अंतराची दुप्पट करून तिला गुरुत्वत्वरणाने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. वीस सेंटिमीटर म्हणजे साधारण 0.2 सेकंद. डोळ्याने पाहिलेली गोष्ट मेंदूच्या मागच्या भागात पोहोचून, तेथून निर्णय होऊन, मेरुरज्जूतून बोटांपर्यंत हुकूम जाण्यास लागलेला हा काळ आहे. एक मापन विश्वासार्ह नसते, म्हणून दहा वेळा करून सरासरी काढा. मग डाव्या हाताने करा, कोणाशी बोलत असताना करा, आणि रात्री उशिरापर्यंत जागल्यानंतरच्या सकाळी करा. परीक्षेच्या तोंडावर रात्र-रात्र जागणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी झोपेवर व्याख्यान देत नाही, पट्टी देतो.

दुसरा प्रयोग स्पर्शाचा. त्वचेला टेकवलेल्या दोन बोथट टोकांतील अंतर कमी करत जावे आणि डोळे मिटलेल्या मित्राला एक टोक टेकले की दोन ते ओळखण्यास सांगावे. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचे अंतरही कळते, तर पाठीवर तीन-चार सेंटिमीटर अंतर असूनही ‘एकच’ असे उत्तर येते. कारण मेंदूत शरीराचा जो नकाशा आहे त्यात बोटांना आणि ओठांना फार मोठी जागा दिलेली आहे आणि पाठीला थोडी. एका पायावर दुसरा पाय सैल टाकून गुडघ्याच्या वाटीखाली हलका टोला दिला की पाय उडतो. ही क्रिया मेरुरज्जूतूनच पूर्ण होते, मेंदूची परवानगी त्यासाठी लागत नाही. न्यूरोलॉजिस्टच्या हातातील छोटी हातोडी याच कामासाठी असते. पाय जरुरीपेक्षा जोरात उडाला तर बिघाड वरच्या मार्गात, मुळीच उडाला नाही तर त्या पातळीवरच्या चेतेत किंवा स्नायूत, असा साधारण तर्क असतो.

घरात चालत असेल तर मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा भेजा आणावा. तो फार मऊ असतो, म्हणून मिठाच्या पाण्यात हलका उकळून घेतला की कापता येतो. हातमोजे घालावेत, शक्यतो शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करावे आणि नंतर साबणाने हात व भांडी स्वच्छ धुवावीत. दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारा पांढरा पट्टा, मागे असलेले लहान अनुमस्तिष्क आणि ते मधोमध कापल्यावर दिसणारी झाडाच्या फांद्यांसारखी पांढरी रचना, ही एकदा पाहिली की आकृती पाठ करावी लागत नाही. मानवी मेंदू साधारण 1.3 ते 1.4 किलो भरतो. बकऱ्याचा शंभर ग्रॅमच्या आसपास. ज्या घरात मांस येत नाही तेथे आग्रह धरू नये. शाडूच्या मातीचा मेंदू करून त्यावर रंगाने भाग दाखवले तरी चालते, आणि माझ्या पाहण्यातील काही उत्तम आकृत्या अशा मातीकामातून आलेल्या आहेत.

विषय, पुस्तके आणि माध्यम

महाराष्ट्र मंडळाच्या सध्याच्या बारावीच्या जीवशास्त्रात ‘नियंत्रण आणि समन्वय’ हा नववा धडा आहे, तर एनसीईआरटीच्या पुस्तकात चेतासंस्था अकरावीच्या अखेरीस येते. नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या मांडणीशी जवळचा असल्याने दोन्ही पुस्तके वाचावी लागतात. ज्या वर्षी एका पुस्तकात धडा येतो त्याच वर्षी दुसऱ्यातलाही उरकला तर श्रम वाचतात. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एनसीईआरटीच्या छाटलेल्या आवृत्तीतून प्रतिक्षिप्त क्रिया आणि डोळा-कान यांचे भाग गळाले, आणि नीटच्या अभ्यासक्रमातूनही ते गेले. ज्याला केवळ गुण हवे आहेत तो ते सोडून देईल. पण ज्याला न्यूरोलॉजिस्ट व्हायचे आहे त्याने ते भाग वाचावेतच, कारण रुग्णाला तपासण्याची सारी रीत तेथूनच सुरू होते.

भौतिकशास्त्राकडे ‘नीटपुरते’ म्हणून पाहू नका. चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे 70 मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब असतो. सोडियमचे तीन आयन बाहेर टाकून पोटॅशियमचे दोन आत घेणारा पंप आणि पटलातील आयनांच्या वाटा तो टिकवून ठेवतात, आणि सोडियमची दारे उघडली की तो क्षणात उलटतो. हाच चेतेचा संदेश. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखली जातीच्या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यावर, मापने घेऊन 1952 मध्ये याचे गणित मांडले आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते समजण्यासाठी विद्युतदाब, रोध आणि धारकता या संकल्पना पक्क्या लागतात, आणि लॉगॅरिदमही लागतो. म्हणूनच ज्याला झेपते त्याने अकरावीत जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे असे माझे मत आहे. त्याचा आणखी एक उपयोग शेवटी सांगितला आहे.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला अकरावीत खरा धक्का इंग्रजीचा बसतो, विषयाचा नव्हे. त्यासाठी नववीपासून एक वही ठेवा आणि डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी नाव लिहीत जा : चेतापेशी आणि न्यूरॉन, अक्षतंतू आणि अॅक्झॉन, वृक्षिका आणि डेंड्राइट, प्रमस्तिष्क आणि सेरेब्रम, मेरुरज्जू आणि स्पायनल कॉर्ड. रोज पाच शब्द घेतले तरी दोन वर्षांत पुरेसा साठा होतो. मराठी नाव टाकून देऊ नका. ‘अनु’ म्हणजे मागून येणारे, धाकटे, हे कळले की अनुमस्तिष्काची जागा आणि आकार दोन्ही लक्षात राहतात.

आणखी एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. हल्ली पुष्कळ विद्यार्थी महाविद्यालयात नाव घालतात आणि दिवसभर शिकवणीत बसतात. प्रात्यक्षिकाच्या वह्या अखेरच्या आठवड्यात एकमेकांच्या पाहून पूर्ण होतात. सूक्ष्मदर्शकाची काच स्वतः न सरकवलेला विद्यार्थी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनेच्या टेबलापाशी गोंधळतो, हे मी परत भेटायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. लातूरला जावे की सोलापुरात थांबावे हा प्रश्न यापुढे दुय्यम आहे. जेथे प्रात्यक्षिके होतात, शंका विचारता येतात आणि सात तास झोप मिळते ते ठिकाण चांगले.

नीटविषयी थोडक्यात

परीक्षेत 180 प्रश्न, 180 मिनिटे आणि 720 गुण असतात. त्यांपैकी जीवशास्त्राचे 90 प्रश्न म्हणजे निम्मे गुण, आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी 45. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक वजा होतो. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गासाठी 50 टक्के, राखीव वर्गांसाठी 40 टक्के गुण लागतात. प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, परंतु अकरावी-बारावीचा सराव इंग्रजीत झाला असेल तर ऐनवेळी मराठी निवडणे गैरसोयीचे ठरते. शासकीय महाविद्यालयांतील 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात आणि 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून. जीवशास्त्र आपल्याला येते या समजुतीवर विसंबून भौतिकशास्त्र मागे टाकणारे विद्यार्थी सर्वाधिक फसतात.

फिट आली तर काय करावे

हे प्रत्येक विद्यार्थ्याला यावे, न्यूरोलॉजीकडे जाणाऱ्याला तर नक्कीच. वर्गात किंवा यात्रेत कोणाला फिट आली तर भोवतालच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, शक्य होताच कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही. पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ फिट चालली किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरी आली तर तातडीने रुग्णालयात न्यावे. नंतर डॉक्टर विचारतील तेव्हा मान कोणत्या बाजूला वळली, सुरुवात एका हातापासून झाली का, किती वेळ चालली, हे ज्याला सांगता येईल तो रुग्णाचे मोठे काम करतो. पक्षाघाताबाबतही तसेच : चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळले, तर ते कधी सुरू झाले ती वेळ लक्षात ठेवून, जेथे सीटी स्कॅन होते अशा रुग्णालयात लगेच पोहोचावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि रक्तस्राव नाही हे स्कॅनवर पाहिल्यावरच.

सोलापूरकरांसाठी अपस्मार हा आपल्याच माणसाचा इतिहासही आहे. 10 ऑक्टोबर 1910 रोजी या शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तेथेच वारले. ते निघाले त्याच 1938 साली मेरिट आणि पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी फेनिटॉइन या औषधाने झटके आवरतात हे प्रसिद्ध केले होते, आणि मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख त्याआधीच, 1929 मध्ये, हान्स बर्गर यांनी जगापुढे ठेवला होता. कोटणीसांचे स्मारक आपण शाळेच्या सहलीत पाहतो, तेव्हा हा दुवाही विद्यार्थ्यांना सांगितला जावा असे मला मनापासून वाटते.

कोठे जावे, काय वाचावे

सोलापुरात 1963 पासून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आपण ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतो ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय त्याला जोडलेले आहे. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांची सही घेऊन शरीररचनाशास्त्र विभागातील संग्रहालय पाहू देण्याची विनंती करावी. नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा करावी. आषाढी वारीत पंढरपूरला आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मदत केंद्रे असतात. तेथे पालकांच्या संमतीने स्वयंसेवक म्हणून काम केले की आजारी माणसाशी धीराने बोलणे जमू लागते. बेंगळुरूला जाणे झाले तर निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेतील मेंदूंचे संग्रहालय पाहावे, मात्र ते कोणत्या दिवशी खुले असते हे आधी विचारून घ्यावे.

वाचनासाठी अमेरिकेतील सोसायटी फॉर न्यूरोसायन्सची ‘ब्रेन फॅक्ट्स’ ही पुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते. शालेय वयाच्या मुलांसाठी भरणाऱ्या ‘इंटरनॅशनल ब्रेन बी’ या स्पर्धेसाठी तीच वापरतात. नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आणि अकरावी-बारावीत जीवशास्त्र ऑलिम्पियाडची पहिली फेरी द्यावी. पदक मिळाले नाही तरी पाठांतरावर न सुटणारे प्रश्न कसे असतात हे कळते.

कागदपत्रे आणि पैसा

गुण असूनही कागदासाठी अडलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे रुक्ष वाटले तरी वाचावे. अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांची जुळवाजुळव अकरावीतच सुरू करावी. जात वैधतेला पूर्वजांच्या जुन्या नोंदी लागतात आणि त्या शोधण्यात महिने जातात. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच असल्याची खात्री दहावीचा अर्ज भरतानाच करून घ्यावी. शुल्कासाठी महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती योजना पाहाव्यात. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये घेतला आहे. मुलीच्या शिक्षणाचा विचार खर्चापाशी थांबवणाऱ्या पालकांना हे मुद्दाम दाखवावे.

एमबीबीएसखेरीज

नीट पहिल्या खेपेला जमत नाही असे पुष्कळांचे होते. एकदा पुन्हा प्रयत्न करणे योग्य. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा निर्णय मात्र भावनेच्या भरात घेऊ नये. मेंदूविषयीचे कुतूहल खरे असेल तर त्याला इतर दारे आहेत. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत मूलभूत विज्ञान शिकून चेताविज्ञानात संशोधन करता येते. तेथील प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात, आणि गणित ठेवण्याचा जो उपयोग मी वर म्हटला तो हाच. भौतिकोपचार, चिकित्सा मानसशास्त्र, मेंदूच्या विद्युतलहरींचे आलेख काढणारे तंत्रज्ञ, न्यूरोच्या विशेष विभागातील परिचारिका यांच्यावाचून न्यूरोलॉजिस्टचे काम चालत नाही. मैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे वाचा आणि श्रवण उपचाराची चार वर्षांची पदवी घेता येते. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला पुन्हा बोलते करण्याचे काम हे तज्ज्ञ करतात, आणि मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत ते करू शकणारा माणूस सोलापुरात हवा आहे. माझी आजी त्या दुपारनंतर सहा वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिला ‘पाणी’ आणि ‘नको’ हे दोनच शब्द बोलता आले; वाचा-उपचार नावाचे काही असते हे तेव्हा आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते.